एका गुंठ्यातलं रणांगण

1:35 या प्रमाणात एक गुंठा जमीन साधारण 29 सेंटिमीटर लांब आणि तेवढ्याच रुंद फळीवर मावते. लष्करी डायोरामांचे बेस बहुधा याच मापाचे, फार तर दुपटीचे असतात. म्हणजे मॉडेलर लढाई उभी करायला बसतो तेव्हा त्याच्या वाट्याला गुंठा-दोन गुंठे रान आलेलं असतं. त्यात एक रणगाडा, चार-सहा माणसं, एखादा बांध आणि बांधावरची बाभळ एवढं मांडलं की जागा संपते. खरी लढाई मैलोगणती पसरलेली, दिवसदिवस चाललेली, आणि लढणाऱ्यांपैकी एकालाही अखंड न दिसलेली असते. तिच्यातला एक गुंठा आणि एक घटका कापून काढायची आणि पाहणाऱ्यासमोर ठेवून म्हणायचं की हे असं होतं. हे विधान झालं, आणि विधान करणाऱ्याकडे पुरावा मागितला जाणारच. डायोरामाचं वास्तव तपशिलांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येक तपशिलामागे त्या जागी, त्या तासाला काय घडलं होतं याचं कारण सांगता येतं का, यावर ते ठरतं, असं माझं म्हणणं आहे. प्लास्टर, रेझिन, रंग आणि ब्रश पुढच्या प्रकरणांत येतीलच. त्याआधी हे म्हणणं नीट तपासून घेणं भाग आहे, कारण पुढची सगळी तंत्रं त्याच्याच आधाराने निवडली आहेत.

आधी तपशिलांची बाजू न्यायाने मांडू. आज किट बनवणाऱ्या कंपन्या ज्या बारकाव्याने साचे काढतात तो चाळीस वर्षांपूर्वी कल्पनेबाहेरचा होता. पितळी पत्र्यातून कोरून काढलेल्या जाळ्या मिळतात, लेथवर कातलेल्या धातूच्या तोफनळ्या मिळतात, एकेक दुवा सुटा जोडून तयार होणारे पट्टे मिळतात. टरेटवरची वेल्डिंगची रेघसुद्धा साच्यातूनच येते. रंगकामाचंही तसंच. खोबणीत मुरणारा पातळ वॉश, उंचवट्यांवरून फिरवलेला कोरडा ब्रश, हेअरस्प्रेच्या थरावर दिलेला रंग ओला करून खरवडण्याची युक्ती, धुळीसाठी पिगमेंटची पूड, हे सगळं कुणालाही चार-सहा महिन्यांत हाताखाली घालता येतं. परिणाम काय झाला, तर स्पर्धेच्या टेबलावर दहा रणगाडे शेजारीशेजारी ठेवले की दहाही एकाच वयाचे दिसतात. तेच खरवडलेले कोपरे, तेच गंजाचे ओघळ, पट्ट्यांवर तोच तांबूस चिखल. एक वाळवंटातला, एक रशियातल्या हिवाळ्यातला, एक कारखान्यातून निघून जेमतेम तीन आठवडे झालेला. तरी म्हातारपण सगळ्यांना सारखंच आलेलं. यातला प्रत्येक डाग सुटा पाहिला तर खऱ्या रणगाड्यावर आढळणाराच आहे. सगळे मिळून मात्र खोटे, कारण ते तिथे का आहेत याला उत्तर नाही. वेदरिंग, म्हणजे वापराच्या खुणा रंगवणं, हा शृंगार झाला की तो दागिन्यासारखा चढवला जातो, आणि दागिना कुणालाही शोभतोच.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जुना आणि सर्वांत बळकट आधार मिळतो तो एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कामात. विल्यम सायबॉर्न याच्याकडे 1830 मध्ये वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करण्याचं काम आलं. लढाईला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. सायबॉर्नने कागदावरच्या नकाशांवर विसंबून राहायचं नाकारलं. तो रणांगणाच्या मधोमध असलेल्या ला ए सांत या शेतवाडीत सुमारे आठ महिने मुक्काम करून राहिला आणि जमीन मोजत राहिला. मोजायची घाई होतीच, कारण लढाईचं स्मारक म्हणून सिंहाची टेकडी उभारताना तिथल्याच कड्याची माती उचलली गेली होती आणि 1826 पर्यंत जमिनीचा उतार बदलूनही गेला होता. मग त्याने हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. त्याने संपूर्ण लढाईचं वर्णन मागितलं नाही. फ्रेंच गार्ड पलटणी चढून आल्या तो संध्याकाळी सातच्या सुमाराचा क्षण त्याने धरला आणि त्या वेळी तुमची तुकडी कोणत्या रचनेत, कुठे उभी होती, समोर कोण होतं, एवढंच विचारलं. आलेल्या उत्तरांत पलटणींच्या जागांबरोबर शेतांतल्या उभ्या पिकांचेही उल्लेख आहेत, आणि मॉडेलरला तेवढेच मोलाचे वाटावेत असे ते आहेत. पीक तुडवलेलं होतं की उभं होतं यावरून घोडदळ तिथून गेलं होतं की नाही हे कळतं.

सरकारने 1833 मध्ये हात आखडता घेतला, तरी सायबॉर्नने कर्ज काढून काम पुरं केलं. मैलाला नऊ फूट अशा मापाची, सुमारे 400 चौरस फूट पसरलेली आणि 75,000 च्या आसपास धातूच्या आकृत्या असलेली ती प्रतिकृती 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांसमोर आली. लोकांनी गर्दी केली. वाद मात्र प्रदर्शनाच्या आधीच पेटला होता आणि तो आकृत्यांच्या गणवेशांवरून पेटला नव्हता. संध्याकाळी सात वाजता प्रशियाचं सैन्य कुठवर येऊन पोचलं होतं, हा प्रश्न होता. सायबॉर्नने त्यांना जिथे उभं केलं त्यावरून विजयात त्यांचा वाटा किती, हे पाहणाऱ्याला एका नजरेत कळत होतं. ते ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या वर्तुळाला रुचलं नाही. त्या बाजूने आलेला एक आक्षेप तर्काने भक्कम होता: प्रतिकृती एकाच क्षणाची असू शकते, आणि इथे वेगवेगळ्या तासांच्या हालचाली एका पटावर आल्या आहेत. शेवटी सायबॉर्नने प्रशियन सैनिकांच्या हजारो आकृत्या काढून टाकल्या. त्यामागे दबाव किती आणि नव्याने झालेली खात्री किती, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझ्या दृष्टीने त्या भांडणाचा निकाल दुय्यम आहे. शिशा-कथलाच्या चिमुकल्या आकृत्या एका फळीवरून उचलल्या गेल्या आणि त्याने युरोपच्या सर्वांत गाजलेल्या लढाईचा अर्थ बदलला, हे मुख्य आहे. नुसत्या सजावटीवर एवढा वाद झाला नसता. सायबॉर्नकडे आलेली पत्रं त्याच्या मुलाने 1891 मध्ये प्रसिद्ध केली, आणि वॉटर्लूच्या अभ्यासकांना आजही त्यांच्याकडे जावं लागतं. म्हणजे प्रतिकृतीसाठी गोळा केलेला पुरावा प्रतिकृतीपेक्षा दीर्घायुषी ठरला.

आता ही कसोटी जवळच्या लढाईला लावून पाहू. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबात खेमकरणच्या पुढे असल उत्तर या गावाभोवती झालेली लढाई हा भारतीय मॉडेलरचा आवडता विषय आहे आणि तो असावाच. पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे अमेरिकन बनावटीचे एम 47 आणि एम 48 पॅटन रणगाडे चढाई करून येत होते. समोर मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांच्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षणफळी धरली होती. थर्ड कॅव्हलरीचे सेंच्युरियन, एट्थ कॅव्हलरीचे हलके एएमएक्स 13 आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन तिला चिलखती पाठबळ देत होते. डेक्कन हॉर्सचे कमांडर होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य, जे पुढे लष्करप्रमुख झाले. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. रात्रीतून कालव्यांचं पाणी शेतांत सोडलं गेलं. उभ्या उसात रणगाडे दबा धरून बसले आणि पॅटन चिखलात रुतले. 8 ते 10 सप्टेंबर या तीन दिवसांत भारतीय नोंदींनुसार 97 पाकिस्तानी रणगाडे निकामी झाले किंवा हाती लागले. मॉडेलरच्या नजरेने या हकिकतीत तीन पात्रं आहेत: पाणी, माती आणि ऊस. रणगाडा चौथा. बहुतेक डायोरामांत हा क्रम नेमका उलटा लावलेला असतो.

उसापासूनच सुरुवात करू, कारण महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे फसवणं कठीण आहे. आपल्याकडे चांगल्या ऊसकऱ्याचा हिशेब एकरी चाळीस हजार उसांचा असतो. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे गुंठ्याला हजार ऊस. पंजाबातलं 1965 सालचं पीक एवढं दाट नसणार. निम्मं धरलं तरी 29 सेंटिमीटरच्या फळीवर पाचशे कांड्या लावाव्या लागतील, प्रत्येक कांडी आठ सेंटिमीटरच्या आसपास उंच, तिची पानं मिलिमीटरभर रुंद. कुणी पाचशे लावत नाही, आणि लावावेत असा माझा आग्रहही नाही. पण दहा-बारा ऊस रणगाड्याच्या कडेने कुंपणासारखे रोवले की त्या लढाईचं कारणच फळीवरून नाहीसं होतं. उसात रणगाडा दिसत नव्हता, म्हणून तर ती लढाई तशी झाली. मग एकच वाट उरते. फळीचा एक कोपरा घ्यायचा, तो खराखुरा दाट भरायचा, आणि बाकीची जागा पाणी साचलेल्या मोकळ्या रानाला द्यायची. तुडवलेल्या उसाचंही शास्त्र आहे. रणगाडा ज्या दिशेने गेला त्या दिशेने ऊस आडवा होतो, आणि सप्टेंबरात तो हिरवा असतो; वाळलेल्या पाचटाचा रंग खाली, बुंध्याशी. पिवळ्याधमक काड्यांचं शेत दाखवलं तर तो ऐन तोडणीचा हंगाम झाला, लढाईचा नव्हे. मातीबद्दलही एक सांगून ठेवतो. देशावरच्या माणसाचा हात आपोआप काळ्या रंगाकडे जातो आणि कोकणातल्याचा तांबड्याकडे. असल उत्तरचा भाग मात्र नदीच्या गाळाचा आहे. ओली असताना ती माती करडी-तपकिरी दिसते आणि वाळली की फिकट होते. जमीन वाफशावर नसताना बैल घातला तर काय होतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. तिथे तर पंचेचाळीस टनांचं धूड घातलेलं होतं.

रणगाड्याकडे यायचं ते या चिखलातून. चिखलात रुतून सोडून दिलेला पॅटन आणि गोळा लागून जळालेला पॅटन ही दोन संपूर्ण वेगळी मॉडेलं आहेत, आणि दोन्हींवर एकच गंज फासला जातो तेव्हा मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. रुतलेला रणगाडा सकाळपर्यंत चालत होता. त्याचा रंग शाबूत असतो, चाकांची रबरं शाबूत असतात. त्याच्यावरचा चिखल खालून वर चढलेला असतो: तळाशी ओला आणि काळपट, वर गेला तसा सुकलेला आणि फिकट. सुटण्यासाठी चालकाने पट्टे फिरवले असतील तर पट्ट्यांच्या मागे माती ओरबाडून ढीग झालेला असतो आणि पुढे खड्डा. एम 48 च्या पट्ट्यांवर रबराच्या जाड गाद्या होत्या. गंजेल असं पोलाद कडेच्या जोडांत. संपूर्ण पट्टा तांबूस रंगवला की रबराला गंज चढवल्यासारखं होतं. जळालेल्या रणगाड्याची गोष्ट निराळी. हे पॅटन पेट्रोलवर चालणारे होते. आत आग लागली की रंग पोपडे धरून जळतो, चाकांवरचं रबर जळून नुसत्या धावा उरतात, आणि उघड्या पडलेल्या पोलादावर काही दिवसांतच नारिंगी गंज येतो. चाकांना तोलून धरणारे पोलादी दांडे तापून आपला ताठा गमावतात, म्हणून जळालेला रणगाडा बसका दिसतो, पोट जमिनीला लागल्यागत. तेव्हा मॉडेलरने आधी ठरवायचं की याला काय झालं, आणि ते होऊन किती तास गेले. दहा सप्टेंबरच्या दुपारी रुतलेल्या रणगाड्यावर गंज नाही. तोच रणगाडा वर्षभराने स्मारक म्हणून उभा असेल तर गोष्ट वेगळी, पण मग भोवती ऊस आणि पाणी कशाला?

इथे छायाचित्रांचा प्रश्न येतो. असल उत्तरच्या रणगाड्यांची जी छायाचित्रं सर्वांनी पाहिली आहेत ती बरीचशी भिखीविंडजवळची, युद्धानंतर गोळा करून ओळीने उभ्या केलेल्या पॅटनची आहेत. त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. ती छायाचित्रं अस्सल आहेत, पण त्यांत दिसणारी अवस्था रणातली नाही. ओढून आणताना चिखल निघाला, वरची ताडपत्री, डबे, दोर गेले, झाकणं उघडली, तोफा कशातरी फिरवून ठेवल्या गेल्या. ती अवस्था जशीच्या तशी उचलून उसाच्या रानात नेऊन ठेवणारा मॉडेलर पुराव्याला धरूनच चुकतो. संग्रहालयांचंही तेच. अहिल्यानगरला 1994 पासून असलेलं कॅव्हलरी टँक म्युझियम हे महाराष्ट्रातल्या मॉडेलरचं खरं भाग्य आहे. पॅटन, सेंच्युरियन, शर्मन यांच्याभोवती फिरून माप घेता येतं, पोलादाच्या ओतकामाचा खरबरीतपणा बोटांना कळतो, झाकणाची जाडी मोजता येते. आकारासाठी त्याच्यासारखा साक्षीदार नाही. रंगासाठी मात्र त्याची साक्ष चालत नाही. उघड्यावर ठेवलेल्या रणगाड्यांना वेळोवेळी नवा रंग दिला जातो, तो टिकण्यासाठी. एकच साक्षीदार एका प्रश्नाला विश्वासाचा आणि दुसऱ्याला कुचकामाचा असतो, हे न्यायालयात रोज चालतं. मॉडेलरच्या टेबलावरही तेच लागू करायला हवं.

या सगळ्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप अंतराचा आहे, आणि तो मी हलका करून मांडणार नाही. पाचशे मीटरवरून मारलेला गोळा 1:35 मध्ये चौदा मीटर लांबून यायला हवा. म्हणजे रणगाडा दिवाणखान्यात आणि त्याच्यावर मारा करणारा शेजारच्या इमारतीत. मग आक्षेप घेणारा म्हणतो, जिथे लढाईचं मूळ माप, अंतर, तेच दाखवता येत नाही तिथे चिखलाच्या रंगावरून सत्याच्या गप्पा कशाला? हवालदार अब्दुल हमीद यांचं उदाहरण घ्या. चौथ्या ग्रेनेडियर्सचा हा जवान जीपवर बसवलेल्या 106 मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने पॅटन उडवत गेला, 10 सप्टेंबरला धारातीर्थी पडला, आणि त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. चित्रांत आणि डायोरामांत ती जीप आणि तो पॅटन हमखास एकाच फळीवर, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत असतात. शौर्य दाखवण्याच्या हौसेत शौर्याची रीतच खोटी पडते. रिकॉइललेस तोफेचा धक्का मागच्या बाजूने वायूच्या लोळातून निघून जातो. प्रत्येक बारासरशी धूळ उडून जागा उघडी पडते आणि लगेच हलावं लागतं. लपणं, जवळ येऊ देणं, मारणं आणि दुसरा गोळा समोरून येण्याआधी जागा सोडणं यात त्या माणसाची हिंमत होती. म्हणून माझं उत्तर असं की अंतर दाखवता येत नसेल तर दोन टोकांपैकी एकच टोक दाखवावं. फळीवर फक्त जीप असू द्या. मागच्या उसाची पानं फाटलेली, माती उडालेली, चालकाचा हात गिअरवर, आणि सगळ्यांची नजर फळीच्या बाहेर, न दिसणाऱ्या रणगाड्याकडे. किंवा मागे 1:72, त्याही मागे 1:144 अशी लहान होत जाणारी मॉडेलं ठेवून, एकाच बाजूने पाहायच्या पेटीत खोली साधावी. दोन्ही मार्गांत अंतर पाहणाऱ्याच्या मनात तयार होतं. जे मापात बसत नाही ते वगळणं ही लबाडी नव्हे. ते ओढून जवळ आणणं ही लबाडी आहे.

दुसरा आक्षेप सोपा, पण वारंवार येणारा: शेवटी हे खेळणंच. मूळ पाहिलं तर आक्षेप खोटा नाही. ज्या 1:35 ला आज मापांचा राजा मानतात ते माप लष्करी गरजेतून आलेलं नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जो आकार ठरला त्याचं प्रमाण 1:35 च्या जवळपास भरलं, आणि पुढे सगळं जग त्याच्याच मागे आलं. खेळण्यात कमीपणाही नाही. आपल्याकडे दिवाळीत अंगणात होणाऱ्या किल्ल्यावर सिंहासनावरचे महाराज महादरवाजाहून उंच असतात, मावळा आणि गुहेतला वाघ एका उंचीचे असतात, आणि अळीव पेरून आलेली हिरवळ बुरुजाला लागते. त्यात काहीही चुकलेलं नसतं, कारण तिथे आकार मानाप्रमाणे ठरतो आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला तो करार ठाऊक असतो. मापाचं बंधन स्वीकारणारा मॉडेलर वेगळा करार करतो. त्या कराराची परंपरा खेळण्यांच्या दुकानातून येत नाही. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळात, 1668 मध्ये, युद्धमंत्री लुव्हुआने तटबंदीच्या शहरांच्या 1:600 मापाच्या प्रतिकृती करून घ्यायला सुरुवात केली. लाकूड, कागद आणि रेशमाच्या त्या प्रतिकृतींवर वेढे आणि बचाव आखले जात आणि त्या परक्यांच्या नजरेआड ठेवल्या जात. आज त्यांतल्या बऱ्याच पॅरिसच्या अँव्हालिदमध्ये आहेत. 1943 मध्ये जर्मनीतल्या धरणांवर जाणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांना धरणांची मॉडेलं दाखवली गेली. आपल्या लष्करात आजही हल्ल्याआधी वाळूचं मॉडेल करून जमीन समजावतात. तिथे ओढा चुकीच्या बाजूला काढला तर माणसं मरतात. छंद म्हणून मॉडेल करणाऱ्यावर तेवढी जबाबदारी नाही, हे खरं. पण त्याने उचललेली पद्धत त्याच घरची आहे.

कलावंताच्या स्वातंत्र्याचा मुद्दा काढणारे मला जास्त जवळचे वाटतात. शेपर्ड पेन या अमेरिकन मॉडेलरने 1970 च्या दशकात मोनोग्रामच्या किटबरोबर मिळणाऱ्या पत्रकांतून आणि 1980 च्या ‘हाउ टु बिल्ड डायोरामाज’ या पुस्तकातून एका पिढीला शिकवलं की डायोरामाला गोष्ट हवी, नजरेला वाट हवी, आकृत्यांच्या मांडणीत ताण हवा. ते सगळं मान्य. माझा विरोध आहे तो गोष्ट आणि पुरावा ही दोन दुकानं मानण्याला. चांगली गोष्ट पुराव्यातच दडलेली असते, आणि बऱ्याचदा ती मनाने रचलेल्या गोष्टीहून अनपेक्षित निघते. रुतलेल्या पॅटनसमोर हात वर करून उभे असलेले सैनिक, ही गोष्ट कुणालाही सुचते. त्याऐवजी विचारा की एम 48 मध्ये चार माणसं असतात, ती आता कुठे आहेत? कोण पाण्यातून चालत निघालं, पावलं कोणत्या दिशेला गेली, झाकणं कोणती उघडी राहिली, चालकाचं की फक्त टरेटवरचं? या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मांडणी आपोआप ठरत जाते. पाण्यातून उमटलेली पावलांची ओळ नजरेला जी वाट दाखवते ती रचनाशास्त्राच्या कोणत्याही त्रिकोणाहून कमी नसते. स्वातंत्र्य उरतंच: कोणता क्षण, कोणता कोपरा, कोणती बाजू पाहणाऱ्याकडे. तेवढं भरपूर आहे.

युद्धाला गोंडस करण्याचा आरोप मात्र या छंदाला मान खाली घालून ऐकावा लागेल. जगभरच्या मॉडेलांच्या टेबलांवर नाझी जर्मनीचे टायगर आणि पँथर ज्या संख्येने आणि ज्या लाडाने मांडलेले असतात ते पाहिलं की आरोप करणाऱ्याला उत्तर देणं अवघड होतं. जर्मनीत कायद्याने स्वस्तिकाच्या चिन्हावर बंधनं आहेत, म्हणून तिथे विकल्या जाणाऱ्या किटवर ते चिन्ह झाकलेलं किंवा तोडलेलं असतं. इतरत्र तेच चिन्ह ‘अचूकता’ म्हणून कौतुकाने चिकटवलं जातं. आपल्याकडे वेगळा मोह आहे. असल उत्तरच्या डायोरामात शत्रूचा रणगाडा चिखलात नाक खुपसून बसलेला आणि भोवती हसरे जवान, अशी विजयाची झाँकी सहज होते. तिच्यात पॅटनच्या आत जळालेली माणसं नसतात, आणि डेक्कन हॉर्सच्या शर्मनमधल्या माणसांना आपल्या तोफेपेक्षा समोरची तोफ मोठी आहे हे ठाऊक असतानाची धास्तीही नसते. प्लास्टिकला वास नाही, आवाज नाही. हे उणेपण कोणत्याही तंत्राने भरून येणार नाही. तरीही गोंडसपणावरचा उतारा मॉडेल न करण्यात आहे असं मला वाटत नाही. तो कारणांच्या हिशेबात आहे. ज्याने गोळा कुठून शिरला, आत काय पेटलं, कोण बाहेर पडू शकलं आणि कोण नाही, एवढं स्वतःशी नीट लिहून काढलं आहे, त्याच्या हातून झाँकी होणं कठीण. प्रेत दाखवावं की नाही हा नंतरचा आणि रुचीचा प्रश्न आहे. जळालेल्या रणगाड्याचं एकच झाकण उघडं ठेवणारा मॉडेलर त्याचं उत्तर आधीच देऊन बसलेला असतो.

हे पुस्तक म्हणूनच नेहमीच्या क्रमाने लिहिलेलं नाही. किट उघडून रणगाडा जोडायचा आणि मग त्याला ठेवायला जमीन शोधायची, या सवयीच्या उलट इथे पहिल्यांदा जमीन येते, मग पाणी, मग पीक आणि झाडं, मग माणसं, आणि सहाव्या प्रकरणात रणगाडा. रंगांच्या प्रकरणात नावाजलेल्या छटांचे क्रमांक कमी आणि माती किती वेळात कशी सुकते याच्या नोंदी जास्त सापडतील. चिखलासाठी दिलेलं प्लास्टर, पिगमेंट आणि रेझिनचं प्रमाणही ओल्या, अर्धवट सुकलेल्या आणि कोरड्या अशा तीन अवस्थांसाठी वेगवेगळं आहे. ज्यांना धीर धरवत नाही आणि आधी रणगाडाच जोडायचा आहे त्यांनी खुशाल सहावं प्रकरण उघडावं. फक्त रंगाची पहिली बाटली उघडण्यापूर्वी पहिल्या प्रकरणातला तक्ता भरून घ्यावा: जागा, तारीख, तास, शेवटचा पाऊस किंवा पाणी केव्हा आलं, इंजिन केव्हा बंद पडलं, माणसं कोणत्या बाजूने गेली, आणि यातल्या प्रत्येक उत्तराला आधार काय. जे रकाने कोरे राहतील ते पेन्सिलीने खूण करून तसेच ठेवावेत. फळीवरची ती जागा सगळ्यात शेवटी भरायची आहे.